डॉक्टर मानकरांचा क्लच

तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला "क्लच बरोबर आहे" असं सांगितलेलं नाही. कुणाला तो जड वाटतो, कुणाला ढिला. कुणाचा लवकर पकडतो, कुणाचा उशिरा. आणि बरोबर असतो तेव्हा माणसं येतच नाहीत, त्यामुळे बरोबर क्लचबद्दल चांगला शब्द कानावर पडायची सोय या धंद्यात नाही. गल्लीतल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सातवीतून शाळा सोडलेला माणूस मी, काय लिहिणार? तर म्हणाले, बालाजी, दिवसभर जे बडबडतोस तेच लिही. म्हणून हे. बरीचशी तक्रार आहे, आधीच सांगून ठेवतो.

घोडपदेवला एका चाळीच्या तोंडाशी माझा गाळा आहे. दोन गाड्या आत घेतल्या की मी बाहेर. जुन्या मोटारसायकली दुरुस्त करतो. नव्या गाड्यांना हात लावत नाही आणि खरं म्हणजे नव्या गाड्याही माझ्याकडे बघत नाहीत. आता तर क्लचच नसलेल्या गाड्या निघाल्यात. माझं अर्धं आयुष्य ज्या वस्तूवर गेलं ती वस्तूच काढून टाकली लोकांनी.

ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन सुरू असतं तेव्हा ते फिरतच असतं, पण सिग्नलला चाक तर थांबलं पाहिजे. मग या दोघांच्या मध्ये चकत्यांची एक चळत असते, एकाआड एक लावलेल्या. निम्म्या इंजिनाबरोबर फिरतात, निम्म्या चाकाच्या बाजूच्या. वरून स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात, म्हणून सगळ्या मिळून एक होऊन फिरतात. डाव्या हातातला लिव्हर दाबला की स्प्रिंगांचा दाब उठतो, चकत्या सुट्या होतात, इंजिन आपलं फिरत राहतं आणि चाक थांबतं. सोडला की पुन्हा पकड. एवढंच आहे. चार ओळींत सांगून झालं, पण लोकांना तीस वर्षांत पटवता आलेलं नाही.

सगळ्यात जास्त भांडण प्लेवरून. लिव्हर दाबताना सुरुवातीचा थोडा भाग रिकामा जायला हवा, काहीही न ओढता. त्याला प्ले म्हणतात. तो नसेल तर हात न लावताही क्लच थोडासा दाबलेला राहतो, चकत्या घासतात आणि जळतात. माझे गुरू परब उस्ताद. त्यांच्याकडे जुनं जाड रुपयाचं नाणं होतं. लिव्हर आणि त्याच्या खोबणीच्या मधल्या फटीत ते नाणं जेमतेम सरकलं पाहिजे, हे त्यांचं माप. त्यांच्यानंतर ते नाणं माझ्या खिशात आलं. आणि रोज कुणीतरी येऊन सांगतं, लिव्हर ढिला झालाय, टाईट करून द्या. मी म्हणतो, तो ढिला नाही, तो प्ले आहे. तो म्हणतो, बाजूच्या गॅरेजवाला लगेच करून देतो. मग जा ना बाबा बाजूला. जातो, आणि महिनाभराने जळक्या वासासकट परत येतो.

प्रभादेवीचे एक साहेब होते. त्यांनी मोटारसायकलीत मोटारीचं ऑइल ओतलं. का, तर ते महाग होतं, म्हणजे चांगलंच असणार. मोटारीचा क्लच कोरडा असतो, आमचा ऑइलात बुडलेला. त्या गुळगुळीत ऑइलने चकत्या नुसत्या निसटायला लागल्या. इंजिन बोंबलतंय आणि गाडी बैलगाडीच्या चालीने. साहेब मला म्हणाले, तुम्ही बसवलेल्या क्लचप्लेटा डुप्लिकेट असतील. असं ऐकून घ्यायचं, वर चहा मागवायचा.

पण या सगळ्यांचा राग गिऱ्हाईक गेलं की उतरतो. मला छळलं ते डॉक्टर मानकरांच्या क्लचने, आणि त्यात चूक माझीच होती.

डॉक्टर मानकर दातांचे डॉक्टर. गिरगावात खोताच्या वाडीच्या पलीकडच्या गल्लीत त्यांचं घर, खालीच दवाखाना होता. आता दवाखाना बंद आहे, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांची मोटारसायकल त्यांच्याकडे नवी आली तेव्हापासून परब उस्तादांच्या हातची. मी देगलूरकडचा. गावाहून आलो तो ज्या चुलतमामाच्या पत्त्यावर, ते घर मामा कधीच सोडून गेला होता. उस्तादांनी ठेवून घेतलं. माझ्या "येऊ लालो, जाऊ लालो"ला ते पोट धरून हसायचे, "मेल्या, मराठीत बोल" म्हणायचे आणि स्वतः मालवणीत शिव्या द्यायचे. पण हातात पान्हा दिला तो त्यांनीच.

उस्ताद गेले आणि त्यांची जागाही गेली, तिथे आता टॉवर आहे. मी घोडपदेवला हा गाळा घेतला तेव्हा पहिले काही दिवस कुणी फिरकेना. उस्तादांची गिऱ्हाइकं उस्तादांबरोबरच संपली असं मी धरून चाललो होतो, गावाकडे परत जायचे विचार सुरू झाले होते. एके दिवशी सकाळी डॉक्टर मानकर गाडी घेऊन आले. म्हणाले, सगळी तपासून ठेव. गाडीत काही बिघाड नव्हता. मी तसं सांगितलं. म्हणाले, असू दे. आणि स्टूल ओढून गाळ्याबाहेर रस्त्याच्या कडेला पेपर वाचत बसले, दुपारपर्यंत. पांढरा शर्ट, चकचकीत बूट, असा माणूस बाहेर बसलाय म्हटल्यावर येणारे जाणारे थांबून बघायला लागले. दुपारनंतर पहिलं गिऱ्हाईक आलं. डॉक्टरांनी यातलं काहीही कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी विसरलो नाही.

तर गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "बालाजी, क्लच जड झालाय रे."

मी लिव्हरपासून क्लचपर्यंत जाणारी वायर बदलली. वायर गंजली की लिव्हर जड होतो, साधी गोष्ट आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी लिव्हरचा खिळा बदलला, ग्रीस भरलं, सगळं लोण्यासारखं चालत होतं. मी दोन बोटांनी दाबून दाखवला. डॉक्टर म्हणाले, तुझी बोटं लोखंडाची आहेत, अजून जरा हलका कर.

आता क्लच हलका करायचा म्हणजे एकच खरा उपाय, स्प्रिंगा कमजोर घालायच्या. पण स्प्रिंगा कमजोर म्हणजे पकड कमी. चढावर, डबल सीट, क्लच निसटणार. हे मला माहीत होतं आणि तरी मी घातल्या. डॉक्टर खूश होऊन गेले. दोन महिन्यांत चकत्या जळून आल्या. नव्या घातल्या. त्याही जळल्या. वर्षभरात तीनदा मी त्या गाडीचं झाकण उघडलं आणि दर वेळी जळक्या चकत्यांचा तो वास नाकात गेला की माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाईक चुकीचं वागतं तेव्हा ओरडता येतं. इथे ओरडणार कुणावर?

कारण मला दिसत होतं. डॉक्टर चहाचा ग्लास उजव्या हाताने घ्यायला लागले होते. पूर्वी डाव्या हाताने घ्यायचे, उजव्यात पेपर असायचा. लिव्हर पूर्वी दोन बोटांनी दाबायचे, आता चारही बोटं आणि त्यावर दात आवळलेले. एकदा किल्ली हातातून पडली, ती त्यांनी उचलली ती दुसऱ्या हाताने. क्लच जड झालाच नव्हता, हात कमजोर झाला होता. हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. सांगितलं आणि ते यायचेच बंद झाले तर? या शहरात माझं आपलं म्हणावं असं माणूस मोजून एक. मग मी आपला कमजोर स्प्रिंगा घालत राहिलो.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी गाळ्यासमोर टॅक्सी थांबली आणि डॉक्टरांच्या मिसेस उतरल्या. त्या शाळेत शिकवायच्या. सगळं गिरगाव त्यांना बाई म्हणतं, मीही बाईच म्हणतो. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसासमोर शाळेतल्या बाई उभ्या राहिल्या की काय होतं ते सांगत नाही. मी हातातला पान्हा पाठीमागे लपवला.

बाईंनी स्टुलावर रुमाल घातला आणि बसल्या. डॉक्टर झोपलेत, त्यांना कळता कामा नये, हे आधी सांगितलं. मग बाकीचं. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून बघितल्याने मानेतल्या मणक्यात नस दबली आहे, डावा हात हळूहळू जातोय. मोठ्या डॉक्टरांनी दोन चाकांची कुठलीही गाडी बंद सांगितली आहे. ते ऐकत नाहीत. हात ठीक आहे, बालाजी सांगतो क्लच जड आहे, असं म्हणतात.

मी म्हटलं, "बाई, मी असं कधी म्हणालो नाही."

"नाही, म्हणाला नाहीस. पण दर वेळी हलका करून देतोस, म्हणजे तेच झालं."

मी बिनक्लचच्या स्कूटरचं सुचवून बघितलं. बाईंनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. म्हणाल्या, तिचा मागचा ब्रेक डाव्याच हातात असतो, हे मी तुला सांगायचं का? खरं होतं. मी खाली बघितलं.

मग त्या म्हणाल्या, "तो क्लच असा जड कर की त्यांना दाबताच येणार नाही. इथेच एकदा दाबून बघतील, नाही जमलं की गाडी इथेच ठेवतील. माझं नाव येता कामा नये."

मला नाही म्हणायचं होतं. उस्तादांनी शिकवलेल्यांतली एक गोष्ट मी कधी मोडली नव्हती: गाडी बिघडवून द्यायची नाही, कुणी सांगितलं तरी. पण बाई "कर रे एवढं" म्हणाल्या, अगदी हळू. वर्गात ज्यांच्या आवाजाने पोरं गार पडायची त्या बाई. मी हो म्हटलं.

आणि काम चोख केलं, हे लिहायला लाज वाटते. जास्त ताकदीच्या गाडीच्या कडक स्प्रिंगा आणल्या, मापात बसवल्या, नवी वायर घातली, प्ले नाण्याने तपासला. लबाडी केली तीही नीट. दाबून बघितला तर माझ्याच मनगटाला रग लागली. मनाची समजूत घातली की ते इथेच दाबतील, इथेच सोडतील.

शनिवारी डॉक्टर आले. गाळ्यावर आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातला एक जण कॉलेजचा. हाच घोटाळा झाला. चार माणसांसमोर डॉक्टरांनी लिव्हर दाबला. चेहरा लाल झाला, गळ्याची शीर उठली, पण दाबला पूर्ण. म्हणाले, "वा, पकड आली." मी म्हणायला हवं होतं, डॉक्टर, थांबा. मी म्हणालो, "नवीन आहे, बसेल हळूहळू." त्यांनी किक मारली, पुन्हा एकदा सगळा जोर लावून दाबला, गिअर टाकला आणि गेले.

बाईंचा आणि माझा हिशेब असा होता की जमणार नाही. एकदा दोनदा माणसाला काहीही जमतं, चार लोक बघत असले तर जास्तच, हे आम्ही दोघांनीही धरलं नव्हतं. पान्हा हातात तसाच, मी मागे धावलो.

नाक्याचा सिग्नल लाल होता. डॉक्टर सगळ्यात पुढे उभे होते. त्या जुन्या गाडीचा न्यूट्रल उभ्या उभ्या चटकन सापडत नाही, म्हणून ते कायम पहिला गिअर टाकून, क्लच दाबून धरून थांबायचे. मला मागून त्यांचा डावा खांदा दिसत होता. तो आधी वर गेला, मग थरथरायला लागला. त्यांनी उजवा हात ब्रेकवरून काढून डाव्याच्या मदतीला नेला आणि त्याच वेळी बोटं सुटली. गाडीने उडी मारली आणि चौकाच्या मधोमध जाऊन बंद पडली. डावीकडून पाण्याचा टँकर येत होता. त्याने ब्रेक मारला. टँकरचं नाक आणि डॉक्टरांचा गुडघा यांच्यामध्ये हातभर अंतर उरलं. टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढून डॉक्टरांच्या वयाचा काहीही मुलाहिजा न ठेवता जे काय सुनावलं, ते सगळं माझ्या वाट्याचं होतं.

मी गाडी ढकलत परत आणली. डॉक्टर शेजारून चालत होते, डावा हात शर्टाच्या खिशाशी धरून. गाळ्यावर आल्यावर त्यांनी गिऱ्हाइकांना, जरा वेळाने या, असं सांगितलं. माझ्याच गाळ्यावरून माझीच गिऱ्हाइकं घालवली. मग स्टुलावर बसले आणि विचारलं, "स्प्रिंगा कुठल्या घातल्यास?"

मी सगळं सांगितलं. कडक स्प्रिंगांचं सांगितलं आणि ओघात वर्षभराच्या कमजोर स्प्रिंगांचंही. बाईंचं नाव तेवढं घेतलं नाही.

"ती आली होती ना?"

मी झाकणाच्या स्क्रूकडे बघत बसलो.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी चाळीस वर्षं लोकांना तोंडावर सांगत आलो, ही दाढ वाचत नाही. माणसं रडली, भांडली, दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. पण दुखू नये म्हणून खोटं भरून दिलं नाही कधी. तू माझ्या गाडीत वर्षभर खोटं भरत होतास."

मी म्हटलं, "तुम्ही यायचे बंद व्हाल असं वाटलं."

डॉक्टर म्हणाले, "गाढवा, मी क्लचसाठी येतो का इथे?" आणि लगेच आवाज बदलून, "चल, उघड. आता बरोबर कर. हलका नको, जड नको. कंपनीने दिला होता तसा."

मी झाकण उघडलं. मूळ मापाच्या स्प्रिंगा माझ्याकडे असतातच. तासभर लागला. डॉक्टर पूर्ण वेळ बघत होते, पण पहिल्यांदाच एकही सूचना केली नाही, एरवी माझ्या प्रत्येक स्क्रूवर त्यांचं मत असतं. शेवटी मी प्लेसाठी खिशातून नाणं काढलं तर म्हणाले, दे इकडे. त्यांनी उजव्या हाताने नाणं फटीत सरकवलं. काय तो हात. जराही हलला नाही.

मग गाडीवर बसले. इंजिन बंदच. म्हणाले, "नाक्याचा सिग्नल कितीच्या आकड्यापासून सुरू होतो?"

"नव्वद."

"मी दाबून धरतो. तू मोज. मनात नको, मोठ्याने."

मी मोजायला लागलो. वीसपर्यंत हात स्थिर होता. तिशीला मनगट हलायला लागलं. माझा आवाज आपोआप लहान झाला, तर म्हणाले, मोठ्याने. सदतीसला बोटं उघडली. त्यांनी उघडली नाहीत, ती आपली उघडली. डॉक्टर त्या बोटांकडे बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाच्या तोंडाचा एक्स-रे उजेडासमोर धरला आहे. म्हणाले, पुन्हा. दुसऱ्यांदा बावीस.

डॉक्टर खाली उतरले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, गाडीची किल्ली घराच्या किल्ल्यांबरोबर एकाच कडीत होती. डाव्या हाताने कडी धरवेना, सारखी निसटत होती. मी हात पुढे केला, त्यांनी मान हलवली. शेवटी कडी दातात धरली आणि किल्ली सोडवली. ज्या माणसाने अख्ख्या गिरगावाला दातांनी काही उघडू नका म्हणून आयुष्यभर रागावलं, त्या माणसाने. किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, टॅक्सी बोलाव.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. गाडी न घेता घरी आलेत, काही बोलत नाहीत, जेवले मात्र नीट. मग हळू आवाजात, "जड केलास ना?"

मी म्हटलं, "नाही बाई. बरोबर केला."

टँकरचं मी सांगितलं नाही. ते डॉक्टरांनी सांगायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. बाकीचं सगळं सांगितलं, मोजलेले आकडेसुद्धा. वर्गातल्या आवाजात बाई म्हणाल्या, "एवढंच करायचं होतं, तर वर्षभर काय करत होतास?"



गाडी माझ्याकडेच आहे, आत भिंतीशी. डॉक्टर शनिवारी टॅक्सीने येतात आणि बाहेर स्टुलावर पेपर घेऊन बसतात. कुणी येऊन लिव्हर ढिला आहे, टाईट करून द्या म्हणालं की माझ्या आधी तेच पेपर खाली ठेवतात. नाणं आता त्यांच्या खिशात असतं. मला काम करता करता त्यांचा चिडका आवाज ऐकू येतो, "अहो, तो ढिला नाही, तो प्ले आहे," आणि गिऱ्हाईक त्यांच्याशी वाद घालतं, बाजूच्या गॅरेजचं नाव काढतं. मी मध्ये पडत नाही. परवा एक जण चिडून निघूनच गेला. माझं गिऱ्हाईक गेलं म्हणून मी वैतागलो, तसं बोलूनही दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, "येईल परत. वास यायला लागला की."